चांदोलीला जा, पण फक्त वाघासाठी नको

पुण्यातून कराडमार्गे चांदोली नॅशनल पार्कला जाऊन आलो, भारी आहे राव! झोळंबीच्या सड्यावरून (म्हणजे कातळाच्या पठारावरून) खाली वसंतसागर जलाशयाचं पाणी आणि चहूकडे सह्याद्री, पायच निघत नाही तिथून. २००४ पासून नॅशनल पार्क, २०१० ला कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, पण ताडोबासारखे वाघ दिसतील असं धरून जाऊ नका, जंगल फार दाट आहे. आम्हाला गवे दिसले, एकदम जवळून, गाडीतली पोरं चिडीचूप. गाइड गावातलाच होता, ठसे, झाडं, अस्वलाने उकरलेली वारुळं सगळं इतकं जीव लावून दाखवत होता की पैसे वसूल. आतला रस्ता खडबडीत आहे. पावसाळ्यात बंद असतं, थंडीत जा. डबा, पाणी घरूनच न्या आणि प्लास्टिक प्लीज परत आणा.