गुळाला पाच स्टार, पगाराच्या वहीला दोन

निपाणी-चिकोडी रोडवरनं जरा आत शेतात हे गुऱ्हाळ आहे, नाव मुद्दाम लिहित नाही. वर्षाचा गूळ आम्ही दिवाळीनंतर इथनंच भरतो. गूळ एक नंबर, पिवळाधमक नाही, तांबूस, रसातली मळी भेंडीच्या पाण्यानंच काढतात, पावडर टाकत नाहीत आणि चहा फुटत नाही (माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच). काकवी पण मिळते, बाटली घरून न्यायची. पार्किंग म्हणजे बांध.

यावेळी शनिवारी गेले, पगाराचा दिवस. काहील (रस आटवायची मोठी कढई) उतरायला अजून अर्धा तास होता म्हणून बसले तर मालक वही काढून पैसे वाटत होते. गड्याला दिवसाला 600, बाईला 350, दोघंबी पहाटेपासनं आलेले. विचारलं काका असं का, तर "गड्याचं काम जड असतंय की ओ ताई".

रस आटवून गूळ करणाऱ्या गुळव्याचं कसब आहे, त्याला जास्त द्या, कोण नको म्हणत नाही, जाळ घालणाऱ्या जळव्याला पण द्या, चुलवाणापुढं (काहिलीखालच्या भट्टीपुढं) दोन मिनिटं उभं राहवत नाही. खरं घाण्यापासनं चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा, तेच जळण) ओढून नेणारा पोरगा आणि तेच चिपाड दिवसभर उन्हात पसरून, उलटून, सांजच्याला गोळा करणारी मावशी, यात 250 चा फरक कुठनं आला? चिपाड ओलं राहिलं तर चुलवाण नुसतं धुरतंय, रस आटायला वेळ लागतोय, गूळ काळा पडतोय, हे मला मागच्या साली काकांनीच सांगितलेलं. म्हणजे ज्या रंगावर ते भाव लावतात त्यातला अर्धा रंग मावशींच्या हातचा, आणि त्या हाताची दोन बोटं चिरलेली, चिंधी गुंडाळलेली.

म्हटलं सारख्या कामाला सारखा पगार हा कायदा 1976 पासनं आहे, तर म्हणाले "ते फॅक्टरीला, आमचं चार महिन्याचं". आणि 2025 च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला उसाला टनाला 3500 पाहिजेत म्हणून शेतकरी बसले तेव्हा हेच काका तिथं जाऊन आलेले! टनाचा दर बरोबर कळतोय. (याच निपाणीत तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनी 1980 च्या सुमाराला युनियन करून मालकांना दमवलेलं. वखारीत शेकड्यानं बायका एका छपराखाली, गुऱ्हाळात तिघी-चौघी आणि त्या पण पुढच्या साली दुसरीकडं, कसली युनियन करणार.)

जाताना मावशींना विचारलं तुम्ही कधी बोलला नाही काय. नोटा मोजून पदराला गाठ मारत म्हणाल्या, "बायकी पगार ह्योच हाय सगळीकडं, कुणाला बोलू. ते ऱ्हाऊ दे, तुमची ढेप तळाला दाबून बघा आधी."

दाबली. ओली होती. मालकांनी काही न बोलता बदलून दिली.