‘स्पेशल पुलर’च्या नावाखाली झालेली फसवणूक: डिफरन्शियल बेअरिंगचं काम देण्याआधी वाचा

मागच्या अ‍ॅक्सलमधून वेगाबरोबर वाढणारी घरघर. गॅरेजचं निदान: डिफरन्शियलची (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरपेटी) दोन्ही साइड बेअरिंग गेली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग बिल वाढत गेलं. बेअरिंग काढायला खास पुलर (पंज्यांनी धरून ओढून काढणारं हत्यार) लागतो म्हणून त्याचं वेगळं भाडं, बेअरिंगची नवी जोडी, आणि गाडी परत आल्यावर आवाज आणखी वाढला तेव्हा ‘आता क्राऊन-पिनियनही (आतली मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी) गेलं’ म्हणून त्याच्या सेटचा अंदाज. तो सेट टाकण्याआधी डिफरन्शियल दुसरीकडे उघडलं गेलं, म्हणून पुढचं कळलं.

उजवं बेअरिंग कधी निघालंच नव्हतं. कोनवर (बेअरिंगच्या आतल्या कड्यावर) जुन्या तेलाचा तपकिरी थर, रोलरच्या मार्गावर खड्डे आणि कोनच्या मागच्या कडेला हत्यार लागल्याचा एकही ओरखडा नाही. दाबून बसवलेला कोन काहीच खूण न ठेवता निघत नाही. डावं बेअरिंग नवं होतं, पण त्याच्या खाली केसच्या (ज्यावर कोन बसतो त्या डिफरन्शियलच्या फिरत्या गाभ्याच्या) बैठकीवर ग्राइंडरचा खोल घाव होता. घावाची कड वर आलेली, म्हणून नवा कोन खांद्याला, म्हणजे बैठकीमागच्या पायरीला, टेकलेलाच नव्हता; फीलर गेजचं (फट मोजायचं) पातं सहज आत जात होतं. म्हणजे ज्या पुलरचं भाडं लावलं, तो वापरलाच नव्हता. कोन कापून काढला होता आणि तोही आडदांडपणे.

सगळ्यात मोठा पुरावा ग्राहकाच्या हातातच होता. ‘जुनी बेअरिंग’ म्हणून परत दिलेल्या दोन्हींवर 30207 असा नंबर. मेट्रिक टेपर बेअरिंगच्या या मालिकेत शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणलं की आतला व्यास मिळतो, म्हणजे 35 मिमी. केसची बैठक व्हर्नियरने भरली 40 मिमी. ती बेअरिंग त्या गाडीची नव्हतीच.

आता आवाज का वाढला ते. शिमा (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) डावी-उजवीकडे अदलाबदल झाल्या होत्या. त्यामुळे क्राऊन पिनियनपासून दूर सरकलं आणि बॅकलॅश (दोघांच्या दातांमधली मोकळीक) 0.45 मिमीवर गेला. बहुतेक गाड्यांना तो 0.15 ते 0.25 मिमीच्या आसपास लागतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. दात अजून शाबूत होते. खराब बसवणीतून आलेला आवाज दाखवून चांगला सेट बदलायला लावायचा, हा या धंद्यातला जुना डाव आहे.

खास पुलर लागतो हे म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते पटतं. कोन आणि केसचा खांदा यांच्यात फट इतकी कमी असते की साध्या पुलरचे पंजे शिरत नाहीत. ते जाळीला (रोलर धरून ठेवणाऱ्या चौकटीला) धरतात आणि जाळी-रोलर निघून कोन तसाच राहतो. (‘सर्व गाड्यांना चालणारा’ म्हणून विकला जाणारा जाड पंज्यांचा स्वस्त पुलर नेमका हेच करतो.) पण त्यासाठी महागडं हत्यारच हवं असं नाही.

आधी बेअरिंग कॅपवर (बेअरिंगला हाऊसिंगमध्ये धरून ठेवणाऱ्या कमानींवर) पंचने खुणा करा: डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन. कॅप हाऊसिंगसकट बोअर केलेल्या असतात. बदलून किंवा उलट्या बसवल्या तर नवं बेअरिंगही टिकत नाही. उघडण्यापूर्वीचा बॅकलॅश मोजून लिहून ठेवा. बाजूच्या शिमा ज्या त्या बाजूच्या तारेत ओवून ठेवा. शिमांऐवजी आटेदार अ‍ॅडजस्टर असेल तर त्याची जागा रंगाने आखा.

मग केस नीट पाहा. बऱ्याच केसना कोनच्या मागे समोरासमोर दोन खाचा ओतलेल्या असतात. पंज्यांची टोकं घासून पातळ केली की साधा दोन पंज्यांचा पुलर तिथे बसतो. खाचा नसतील तर बेअरिंग स्प्लिटर: दोन अर्ध्या पात्यांची धार फटीत घालून बोल्ट आळीपाळीने आवळायचे. कोन मिलिमीटरभर उचलला की लांब बोल्ट, आडवी पट्टी आणि मधला स्क्रू लावून ओढायचा. केसचं टोक पोकळ असतं, म्हणून स्क्रूखाली जाड चकती ठेवा, नाहीतर कड चेपते.

तेही जमलं नाही, तर कापणं. यात कमीपणा काही नाही, फक्त कुठे थांबायचं ते कळायला हवं. जाळी कातरून रोलर काढा, क्राऊन ओल्या फडक्याने झाका, गॉगल घाला. छोट्या चकतीने कोनला अक्षाच्या दिशेत एक चीर पाडा आणि एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी जाडी उरली की थांबा. चिरेत छिन्नी ठेवून एक ठोका. बेअरिंगचं पोलाद इतकं कडक असतं की ते वाकत नाही, तडकतं. टक् आवाज आला की पकड सुटली. केस ओतीव लोखंडाचा आणि बराच मऊ, म्हणून आरपार कापणारा माणूस बैठकच कापतो. काही अ‍ॅक्सलमध्ये शिमा कोनच्याच मागे असतात, तिथे चीर कोनच्या मागच्या टोकापर्यंत न्यायची नाही. गॅसच्या ज्योतीने तापवून काढणाऱ्याला मात्र अडवा. बैठकीवर निळसर झाक दिसली तर समजा ज्योत लागली होती.

शक्यतो एक कोन अखंड निघू द्या. आतून घासून हाताने सरकेल इतका सैल केला की शिमा जुळवताना तोच घालून पाहता येतो आणि नवा कोन पुन:पुन्हा ओढावा लागत नाही.

नवा कोन भट्टीत साधारण 110 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बसवा, 120 च्या वर नाही. थंड होताना तो आकसून खांद्यापासून किंचित सुटतो, म्हणून निवेपर्यंत दाबून धरा. शेवटी 0.04 मिमीचं पातं खाली शिरता कामा नये. ठोकायची वेळ आलीच तर आतल्या कड्यावर, जाळीवर कधीच नाही. कप (बाहेरचं कडं) जुना ठेवून फक्त कोन नवा, ही काटकसरही नको. गॅरेजवाले ती सर्रास करतात.

पुलरवर पैसे वाचवा, बॅकलॅश मोजायच्या डायल गेजवर वाचवू नका. पिनियन उघडलं तर कमी टॉर्क दाखवणारा बीम रेंचही लागतो: नव्या पिनियन बेअरिंगला फिरवण्याचा टॉर्क बहुतेक ठिकाणी 1.7 ते 3.4 न्यूटन-मीटर, जुन्याला साधारण निम्मा. क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना दबणारी नळी) जास्त दबली तर नट मागे घेऊन भागत नाही, नवी स्लीव्ह घालावी लागते.

काम बाहेर देत असाल तर मागचं कव्हर तुमच्यासमोर उघडायला लावा आणि दोन्ही कोनच्या कडेवर रंगाचा ठिपका द्या, फोटो काढा. काढलेले कोन तुकडे झालेले असले तरी परत मागा. त्यांवर तोच ठिपका, आणि स्प्लिटरची खूण किंवा चीर दिसली पाहिजे. ठिपका आहे पण हत्याराची खूण नाही, तर कोणीतरी फक्त रंग लावलाय. नव्या बेअरिंगच्या कोन आणि कप दोन्हींचे नंबर बिलावर लिहून घ्या, आणि त्याच कागदावर कामाआधीचा व नंतरचा बॅकलॅश. पुलरचं भाडं लावलं असेल, तर तो पुलर दाखवा म्हणावं.