सीमधून ॲरे पाठवायचा कसा: कच्चे बाइट, मजकूर, आधी संख्या की प्रोटोबफ?

समजा, एका छोट्या लिनक्स बोर्डावर तापमानाची १००० मापं जमली आहेत. २७.३४ अंश म्हणजे २७३४, अशा हिशेबाने ३२ बिटांच्या पूर्णांकांचा ॲरे, म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेले एकाच प्रकारचे आकडे. तो टीसीपी सॉकेटवरून (दोन प्रोग्रामांमधल्या नेटवर्क जोडणीवरून) दुसऱ्या यंत्राकडे न्यायचा आहे. सी भाषेत याचे चार सरळ मार्ग आहेत आणि पहिल्या दिवशी चारही चालतात. रडायची वेळ येते ती नंतर.

आधी एक गोष्ट, जी चारही मार्गांवर सुटत नाही. टीसीपीला ॲरे कळत नाही, त्याला बाइटांची धार तेवढी कळते. तुम्ही एका सेंडमध्ये ४००० बाइट दिलेत म्हणून पलीकडच्या एका रिसीव्हमध्ये ४००० येतील असं नाही. आधी १४६० येतील, मग उरलेले. सेंडसुद्धा दिलेल्यापैकी थोडेच बाइट घेऊन परत येऊ शकतं. म्हणून दोन्हीकडे लूप हवा: किती गेले ते मोजा, उरलेले पुढे ढकला, रिसीव्हने ० दिलं तर समोरच्याने जोडणी बंद केली असं समजा. ही चूक स्वतःच्या लॅपटॉपवर सहसा दिसत नाही, कारण लिनक्सच्या लूपबॅकचा (यंत्राच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीचा) एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, ६५,५३६ बाइट असतो आणि इथरनेटचा १५००. घरी चालतं, साइटवर गेलं की अर्धा ॲरे.

पहिला मार्ग म्हणजे ॲरेचा पत्ता आणि त्याचा साइझऑफ (बाइटांतला आकार) थेट सेंडच्या हाती देणं. एका ओळीचं काम. पण तीच ओळ उचलून फंक्शनमध्ये टाकली की ॲरेचा पॉइंटर (नुसता पत्ता) होतो, ६४ बिटांच्या यंत्रावर साइझऑफ ८ देतो, आणि १००० मापांपैकी दोनच जातात. कंपायलर फार तर एक वॉर्निंग देतो, आणि ती वाचतो कोण? त्याहून वाईट प्रकरण बाइटांच्या क्रमाचं. इंटेलचा प्रोसेसर लहान बाजू आधी ठेवतो. मोठी बाजू आधी वाचणाऱ्याने तेच चार बाइट उचलले तर २७३४ चं उणे १,३७,५०,७६,३५२ होतं. म्हणजे खोलीचं तापमान उणे एक कोटी सदतीस लाख अंश! ॲरे लाँग प्रकाराचा असेल तर त्याचा एकेक आकडा ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटांचा आणि विंडोजवर ४ चा. स्ट्रक्टचा (वेगवेगळे रकाने एकत्र बांधलेल्या प्रकाराचा) ॲरे असेल तर मधल्या रिकाम्या बाइटांची भर. आणि पॉइंटरांचा ॲरे असेल तर नुसते पत्तेच जातात, ज्यांना दुसऱ्या यंत्रात काहीच अर्थ नाही. तरीही दोन्ही टोकांना तोच प्रोग्राम, तोच कंपायलर, तसंच यंत्र असेल आणि लाखो डबल (६४ बिटांचे दशांश आकडे) हलवायचे असतील, तर मी हाच मार्ग घेईन.

दुसरा मार्ग मजकुराचा: एका ओळीत एक आकडा. आपली मापं साधारण ५००० बाइटांत मावतात, म्हणजे वाटतो तेवढा हा उधळा नाही. नेटकॅट (सॉकेटवर आलेलं जसंच्या तसं दाखवणारा प्रोग्राम) लावला की डोळ्यांना दिसतं, आणि पलीकडे पायथन असेल तर वाचणं चुटकीसरशी होतं. अडचण दशांशांची. डबल जसाच्या तसा परत मिळायला १७ सार्थ अंक छापावे लागतात, आणि प्रोग्रामने जर्मन लोकेल (आकडे त्या भाषेच्या रीतीने छापायची मांडणी) लावलं असेल तर प्रिंटएफ दशांशबिंदूच्या जागी स्वल्पविराम छापतं. थोड्या आकड्यांना आणि पहिल्या आठवड्यातल्या चाचण्यांना हा मार्ग झकास.

तिसरा, आधी किती मापं ते चार बाइटांत लिहायचं आणि मग प्रत्येक माप एचटीओएनएल या फंक्शनमधून काढून नेटवर्कच्या क्रमाने, म्हणजे मोठी बाजू आधी, ठेवायचं. एकूण ४००४ बाइट. क्रम बदलायला वेगळा बफर लागतोच, तेव्हा त्याच्या सुरुवातीला संख्येची जागा ठेवा आणि सगळं एकत्र पाठवा. संख्या वेगळ्या सेंडने पाठवली तर नेगलचं अल्गोरिदम (पोच येईपर्यंत छोटी पाकिटं अडवणारा टीसीपीचा नियम) आणि उशिरा येणारी पोच मिळून कधीकधी लिनक्सवर ४० मिलिसेकंदांचा फुकट खोळंबा करतात. प्रकार इंट३२_टी असाच लिहा, नुसता इंट नको. डबल असतील तर मेमकॉपीने ६४ बिटांच्या पूर्णांकात घालून मग क्रम बदला. आणि आलेल्या संख्येवर डोळे झाकून मॅलॉक करू (मेमरी मागू) नका: कोणी चारही बाइट २५५ पाठवले तर तुमचा प्रोग्राम १६ जीबी मागायला निघेल, किंवा त्याने संख्या नेमकी निवडली तर ३२ बिटांत गुणाकार उतू जाऊन बफर भलताच छोटा मिळेल. आधी कमाल मर्यादा तपासा. गंमत अशी की इतकं सगळं हाताने केल्यावर बाइट नेमके एक्सडीआर या जुन्या प्रमाणित मांडणीचे होतात, जे सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८७ मध्ये आरएफसी १०१४ (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) म्हणून मांडलं होतं आणि आज आरएफसी ४५०६ मध्ये आहे.

चौथा, प्रोटोबफ, म्हणजे डेटा बाइटांत बांधायची गूगलची पद्धत. लहान आकड्यांना तो कमी बाइट देतो, म्हणून आपला ॲरे अवघ्या २००३ बाइटांत बसतो. पण शीतगृहातली मापं घ्या, उणे १८ अंश म्हणजे −१८००. स्कीमामध्ये (रकान्यांचे प्रकार सांगणाऱ्या फाइलमध्ये) इंट३२ लिहिलं असेल तर प्रत्येक ऋण आकडा १० बाइट खातो आणि एकूण १०,००३ होतात; सिंट३२ लिहिलं की पुन्हा २००३. गूगलच्या मूळ संचात सी नाही, त्यामुळे प्रोटोबफ-सी किंवा छोट्या बोर्डांसाठी नॅनोपीबी घ्यावं लागतं. आणि संदेश कुठे संपला हे प्रोटोबफ सांगत नाही, तेव्हा आधी लांबी पाठवणं इथेही आलंच.

टीसीपीऐवजी यूडीपी वापरलं तर एक सेंड म्हणजे एक पाकीट, सीमा आपोआप राहते. पण ४००० बाइटांचे इथरनेटवर तीन तुकडे होतात आणि एक हरवला की सगळं पाकीट गेलं.

माझा कौल तिसऱ्याला. पलीकडचा कोड दुसरी टीम दुसऱ्या भाषेत लिहीत असेल आणि ॲरेसोबत दर महिन्याला नवीन रकाने येणार असतील, तर चौथा. निवड झाली की एक चाचणी लिहून ठेवा: पाठवणारा मुद्दाम एकेक बाइट पाठवील, मध्ये थोडा थांबेल, आणि ३९९९ व्या बाइटनंतर जोडणी तोडेल.