मावशींची कंबर आणि स्क्रीनवरचा पुतळा: थ्रीडी-एसएसपीपी वापरून आठ महिने

मी एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. ऑर्थोपेडिक वॉर्डातल्या सिस्टर, मावशी, मामा सगळे कंबर धरून माझ्याकडेच येतात. शेक, व्यायाम, चार दिवस आराम आणि पुन्हा तेच. ज्या कामातून हे दुखणं येतं ते एकदा मोजून बघावं, म्हणून मिशिगन विद्यापीठात तयार झालेलं थ्रीडी-एसएसपीपी हे सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. काम करताना शरीरावर किती ताण येतो ते यात स्क्रीनवरच्या माणसाच्या पुतळ्यावरून काढतात.

कामाचा फोटो मागे लावून पुतळ्याचे सांधे त्यावर जुळवायचे, उंची-वजन भरायचं आणि हातांवर किती जोर, कुठल्या दिशेने येतो ते सांगायचं. मग कमरेच्या एल४-एल५ या खालच्या मणक्यांवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो आणि रंगीत पट्टीवर दिसतो. ३४०० पर्यंत पट्टी हिरवी, त्यापुढे पिवळी, ६४०० च्या पुढे लाल. या मर्यादा कामगारांच्या सुरक्षेवर आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या आहेत.

पहिल्या दोन आठवड्यांतलं सगळं काम मला टाकून द्यावं लागलं. पुतळा अमेरिकी पुरुषाच्या मापाचा होता आणि आमच्या मावशी पाच फुटांच्या आतल्या. शिवाय चादर ओढायला लागणारा जोर मी अंदाजाने भरत होते. मग एका सहकाऱ्याला कॉटवर झोपवलं, चादरीला हुकाचा स्प्रिंगकाटा अडकवला आणि ओढून पाहिलं. माझा अंदाज बराच कमी निघाला. कुणी हे सॉफ्टवेअर घेणार असेल तर आधी काटा आणि मोजपट्टी घ्या. चुकीचा जोर भरला तरी पुतळा तितक्याच ठामपणे उत्तर देतो.

सगळ्यात मोठा उपयोग कॉटच्या उंचीसाठी झाला. आमच्या काही कॉटना उंची वाढवायचा दांडा आहे, पण तो पायथ्याशी, खाली वाकून फिरवायचा आणि गंजलेला. कुणी हात लावत नसे. त्याच मावशी, तोच रुग्ण, फक्त कॉट उंच, असं स्क्रीनवर शेजारी शेजारी दाखवलं तेव्हा पट्टी पिवळ्यावरून हिरव्यावर आली. तोंडी सांगून वर्षभर न हललेली गोष्ट त्या चित्राने हलली. दांड्यांना तेलपाणी झालं.

मर्यादाही मोठी आहे. हे गणित एका स्थिर क्षणाचं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, एकेका मावशीकडे असे कितीतरी रुग्ण. पाळीच्या शेवटी थकलेल्या पाठीचं काय, हे पुतळा सांगत नाही. आणि रुग्ण म्हणजे खोकं नव्हे. दुखलं की तो झटका देतो, घाबरला की गळ्याला मिठी मारतो. नायॉशचेच संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्यासाठी ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोंची मर्यादा सुचवली, तीही रुग्ण सहकार्य करणारा असेल आणि अचानक हलणार नसेल तरच. आमच्या वॉर्डात या अटी पाळणारा रुग्ण कमीच भेटतो. म्हणून सोबत रीबाचा, म्हणजे शरीराच्या ठेवणीवरून कामाचा धोका मोजणारा, कागदी तक्ता भरते आणि मावशींना विचारते. हिरवी पट्टी दिसली म्हणून काम सोपं झालं असं मी आता लिहीत नाही.

एक गोष्ट मला सुचलीच नव्हती. गुडघे वाकवून, पाय फाकवून उचललं तर बरं, असं मी पुतळ्यावर दाखवत होते. एक मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हिला आधी साडी नेसवा, मग बघू किती बसते ती." गणवेशाच्या साडीत पाय तेवढे फाकतच नाहीत. मी ते सांधे तेवढेच आवळून पुन्हा गणित केलं. पाय जवळ घेतले की रुग्णापर्यंत पोचायला पाठच वाकते आणि दाब वाढतो. इतकी वर्षं मी "गुडघ्यातून वाका" म्हणून त्यांनाच बोलत आले.

ती दोन चित्रं जोडून, मावशींना सलवार-कमीजचा गणवेश द्यावा असा अर्ज गेल्या महिन्यात प्रशासनाला दिला आहे. उत्तर यायचं आहे.