घरच्या सीएनसी राऊटरला एसबीआर२० की एचजीआर२०?

दारव्ह्याकडच्या एका सुतारभाऊंनी विचारलंय: सागवानी दारांवर नक्षी कोरायला घरीच सीएनसी राऊटर (संगणकाच्या हुकमावर कोरणारं यंत्र) बांधतोय, त्याचा गाडा ज्यावर सरकतो ती रेल गोल एसबीआर घेऊ की चौकोनी एचजीआर? (२० म्हणजे रेलचं माप, मिलिमीटरमध्ये.)

किमतीत एसबीआर स्वस्त, यात वाद नाही. पण खरा खर्च रेलखालच्या बैठकीचा आहे. एचजीआर ताठ असते, पण वेल्डिंग केलेल्या पाइपवर तशीच आवळली की पाइपचा बाक घेते आणि गाडा मध्येच जड चालतो. म्हणून बैठक मिलिंग करून (यंत्रावर तासून सपाट करून) घ्यावी लागते, नाहीतर पातळ इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारी राळ) ओतून समतल करावी लागते. खेड्यात मिलिंग कुठलं? अख्खी फ्रेम शहरात न्या! एसबीआर थोडा वाकडेपणा सांभाळून घेते.

जुळवणीची रीत दोन्हींची एकच. आधी एक रेल सरळपट्टीला धरून, डायल गेज (बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं मापक) फिरवत पक्की करा. दुसरीचे बोल्ट ढिले ठेवा, गॅन्ट्री (दोन्ही रेलवरून चालणारी आडवी कमान) या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत गाड्याजवळचा बोल्ट आवळत चला. नुसत्या टेपच्या मापावर विसंबू नका.

भुशाचं मात्र बघा. एसबीआरचा ब्लॉक (रेलवर सरकणारा ठोकळा) खालून उघडा असतो. बारीक भुसा तेलात मिसळून लगदा होतो, वरचेवर पुसावं लागतं. एचजीआरला टोकांना सील असतं, ग्रीस भरलं की निभतं.

लाकूड नि एमडीएफच (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) कोरायचं असेल तर एसबीआर घ्या आणि वाचलेला पैसा जाड फ्रेममध्ये घाला. भाऊंनाही माझं हेच सांगणं. ॲल्युमिनियम कापायचं असेल आणि मिलिंगची सोय असेल, तर एचजीआर.