क्राउन ऑफ थॉर्न्स घेतलं, एक मेलं, एक जगलं: फोंड्याजवळच्या नर्सरीचा अनुभव

नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण माणूस वाईट नाही आणि मला भांडण नकोय. फोंड्याहून पणजीला जाताना रस्त्याकडेला ज्या नर्सऱ्या लागतात त्यातलीच एक, हिरवी नेट लावलेली, पुढे मातीच्या कुंड्यांचा ढीग. गेल्या मे महिन्यात गेले होते खरं तर मोगरा आणायला आणि घेऊन आले दोन काटेरी झाडं, असं माझं नेहमीच होतं.

झाड म्हणजे युफोर्बिया मिली. नर्सरीत त्याला कुणी क्राउन ऑफ थॉर्न्स म्हणतं, कुणी नुसतं युफोर्बिया, आणि या नर्सरीत ते सरळ कॅक्टसच्या रॅकवर ठेवलं होतं. कॅक्टस नाहीये ते. आपल्या कुंपणाला असतो तो चिकाचा निवडुंग (फड्या नव्हे), शेर, आणि ख्रिसमसला सगळीकडे दिसतं ते लाल पॉइन्सेटिया, त्यांच्या खानदानातलं आहे. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तीच खूण. मूळचं मादागास्करचं. मिली हे नाव मिलियुस नावाच्या एका फ्रेंच गव्हर्नरवरून पडलंय, त्याने 1821 मध्ये हे फ्रान्सला नेलं. येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट याचाच होता अशी गोष्ट सांगतात, आमच्या शेजारच्या आंटीने तर झाड बघितल्या बघितल्या क्रूसाची खूण केली. आता मादागास्करचं झाड जेरुसलेमला कसं पोचलं असेल हे मी तिला विचारलं नाही, उगाच कशाला.

तर दोन घेतली. एक जुन्या जातीचं, बारीक लाल फुलांचं, 80 रुपयांना. दुसरं थाई हायब्रिड, गुलाबी, हाताच्या अंगठ्याएवढं जाड खोड, फुलं एवढी मोठी की लांबून कागदाची वाटावीत, 350 ला. थायलंडात याला पोयसिअन म्हणतात, आठ चिनी सिद्धपुरुषांवरून, आणि एका घोसात आठ फुलं आली की नशीब उघडतं असं तिकडे मानतात. माझ्या झाडाला सहा होती. (रंगीत दिसतात त्या पाकळ्या नसतातच बरं का, ती पानंच रंगलेली, खरं फूल मध्ये एवढंसं असतं.)

व्हरायटी आणि भाव याला मी पूर्ण मार्क देईन, पिवळा, पांढरा, हिरवट कडेचा, सगळं होतं, झाडंही रोगट नव्हती, जीपे चालतं, गाडीत टाकायला काट्यांना पेपर गुंडाळून दिला. घोटाळा झाला तो सल्ल्यात. मी विचारलं पाणी किती? तो म्हणाला, "कांय जावंचें ना बाय, सदांच इल्लें उदक घाल." म्हणजे काही होत नाही, रोज थोडं पाणी घाल. रोज! मादागास्करच्या रखरखीत खडकातून आलेल्या, खोडात पाणी साठवणाऱ्या झाडाला!

मीही शहाणी, ऐकलं. आणि मग जून लागला. आपल्याकडचा पाऊस मी वेगळा सांगायला नको, चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात थाईबाईंची पानं पिवळी, मग खोड बुडाशी मऊ, दाबलं तर बोट आत आणि घाण वास. कुंडीतून उपटलं तर आत मातीच नाही, निव्वळ कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाचा गोळा, पिळला असता तर ग्लासभर पाणी निघालं असतं. 80 रुपयांचं लाल मात्र टकाटक, कारण ते मी घरी आणल्यावर एका फुटक्या कुंडीत लावलं होतं, तळाला चिऱ्याचे तुकडे, वर लाल माती आणि नदीची वाळू. हुशारी नव्हे, दुसरी कुंडीच नव्हती.

मेलेलं झाड घेऊन परत गेले. तो बघून म्हणतो, "पावसांत मरतातच तीं, बाय." अरे मग मे महिन्यात सांगायला काय झालं होतं? हसला. पण तक्रार ऐकून घेतली आणि दुसरं निम्म्या किमतीत दिलं, हे पण लिहायला हवं. कोकोपीटचं विचारल्यावर खरं बोलला, म्हणाला आंध्रातून कडियमची, म्हणजे तिथल्या नर्सऱ्यांच्या गावची गाडी येते, माती भरली तर वजन वाढतं आणि भाडं परवडत नाही. पटलं. पण मग गिऱ्हाइकाला एवढं सांगा ना की घरी गेल्यावर हे झाडून टाक आणि निचऱ्याच्या मातीत लाव. फुकटचं वाक्य आहे.

आता दुसरं पडवीच्या कडेला आहे, पाऊस लागत नाही, उजेड लागतो. तिथे फुलं कमी येतात, त्याला भरपूर ऊन लागतं, पाच-सहा तास तरी, त्यामुळे पावसाळा संपला की गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर नेते. पाणी माती पूर्ण सुकल्यावरच. एप्रिलमध्ये लालने सगळी पानं टाकली तेव्हा मी घाबरले, पण नखाने खरवडलं तर आत हिरवं होतं, ताणात पानं गाळतं ते, मेलेलं नसतं.

चिकाचं मात्र नर्सरीवाल्याने एका शब्दाने सांगितलं नाही आणि यासाठी मी खरंच एक स्टार कापलाय. दिराने हातमोजे न घालता छाटणी केली, मनगटावर लाल चट्टे उठले दोन दिवस. डोळ्यात गेला तर फार वाईट, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. लहान पोरं, कुत्रं असेल तर उंचावर ठेवा. छाटलेल्या फांद्या फेकू नका पण, कापलेलं टोक पाण्यात बुडवलं की चीक थांबतो, मग चार-पाच दिवस सावलीत सुकवून वाळूत खोचा. माझ्या चारातल्या तीन लागल्या.

सासूबाईंचा विरोध अजून आहे, काटेरी झाड दारात नको, तुळशीसमोर तर नकोच. म्हणून गडग्यावर.

पाचातले साडेतीन. झाडं घ्यायला जा, सल्ला घ्यायला नको. आणि मे-जूनमध्ये घेऊ नका, चतुर्थीच्या गर्दीतही नको, दिवाळीनंतर जा. मला पिवळं हवंय, तेव्हाच जाणार आहे, आणि यावेळी कोकोपीट तिथेच त्याच्यासमोर झाडून टाकणार.