घरच्या सीडी, घरचाच सर्व्हर: नऊ महिने वापरल्यानंतर

साडेतीनशे सीडी आणि खोकंभर कॅसेटी कपाटात पडून होत्या. सीडी प्लेअर अडखळायला लागला तेव्हा ठरवलं, की सगळं संगीत एकदाच नीट उतरवून घ्यायचं आणि घरातल्या कुठल्याही फोनवर, स्पीकरवर वाजेल असं करायचं. सर्व्हर एका रविवारी उभा राहिला. गाण्यांची नावं मार्गी लावायला मात्र चार महिने लागले, म्हणून इथे नावांबद्दलच जास्त लिहितोय.

मांडणी साधी आहे. पंख्याशिवाय चालणारा छोटा संगणक, २ टीबीची यूएसबी हार्डडिस्क, त्यावर लिनक्स आणि नेव्हिड्रोम. नेव्हिड्रोम म्हणजे आपल्या संग्रहातली गाणी फोनवर, स्पीकरवर पोचवणारा सर्व्हर प्रोग्राम; तो मोफत आणि मुक्तस्रोत आहे. सबसॉनिक या त्याच्याआधीच्या संगीत-सर्व्हरसाठी बनलेली बहुतेक अ‍ॅप त्याच्याशी जुळतात, त्यामुळे फोनवरचं अ‍ॅप आवडलं नाही तर बदलता येतं, लायब्ररीला धक्का लागत नाही.

सीडी उतरवताना फ्लॅक हाच फाइलप्रकार निवडा, यावर मी ठाम आहे. सीडीवरचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिटचा. फ्लॅक त्यातला एकही बिट न गमावता तो बऱ्याच कमी जागेत बसवतो. मला सीडीमागे सरासरी ३५० एमबी लागले, म्हणजे सगळा संग्रह सव्वाशे जीबीच्या आत. एवढी जागा वाचवायला एमपी३ करण्यात काहीच अर्थ नाही. उतरवायला एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरलं. त्यातली अ‍ॅक्युरेटरिपची सोय फार मोलाची: त्याच सीडीच्या इतरांनी काढलेल्या प्रतींशी आपली प्रत ती ताडून बघते. माझ्या अकरा सीडी यात नापास झाल्या, आणि त्यातल्या तीन कानाला अगदी ठीक वाटत होत्या! सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, मधून कडेकडे सरळ पुसल्यावर सात पास झाल्या.

आता नावं. नेव्हिड्रोम फोल्डर बघत नाही, फाइलमधले टॅग, म्हणजे आत लिहिलेली गाणं-गायक-अल्बमची नावं, बघतो. माझ्याकडे एकच गायिका तीन स्पेलिंगांनी रोमनमध्ये आणि चौथ्यांदा देवनागरीत होती, म्हणजे यादीत चार गायिका. निवडक गीतांच्या संग्रहात ‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामा राहिला की एका सीडीचे तुकडे पडतात; तिथे सगळ्या गाण्यांना एकच नाव द्यावं लागतं. जुगलबंदीत दोन्ही कलाकारांची नावं स्वल्पविरामाने न जोडता वेगवेगळी भरली, तेव्हा कुठे दोघांच्याही पानावर ती दिसायला लागली. ऑनलाइन माहितीसाठ्यातून टॅग आपोआप भरणाऱ्या म्युझिकब्रेन्झ पिकार्डने पाश्चात्त्य संगीताचं काम झटपट केलं. आपल्याकडच्या बऱ्याच सीडींची माहिती तिथे नव्हती. ती वेष्टनावरून हाताने टाइप केली. सगळ्यांना एकच सल्ला: देवनागरी की रोमन, हे पहिली सीडी घालण्याआधी ठरवा. मी ते शंभराव्या सीडीनंतर ठरवलं आणि शंभर सीडी पुन्हा तपासल्या.

पाचव्या महिन्यात गाणी मध्येच बंद पडायला लागली. आठवडाभर वायफायवर संशय घेतला. खरं तर हार्डडिस्कला यूएसबीतून पुरेशी वीज मिळत नव्हती. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब लावला आणि त्रास संपला. त्याच दिवशी दुसरी डिस्क आणली. आठवड्यातून एकदा तिच्यावर प्रत घेऊन ती काढून ठेवतो. सतत जोडलेल्या दोन जुळ्या डिस्क हा बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

बाहेर असताना वायरगार्डमधून (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारा व्हीपीएन) ऐकतो; सर्व्हर जागच्या जागी गाणं १२८ किलोबिटच्या ओपस या छोट्या फाइलप्रकारात करून पाठवतो, डेटा बेताने लागतो. घरात अ‍ॅम्प्लिफायरला तारेने जोडलेला डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारं उपकरण) आहे. ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबतो, आणि तंबोऱ्यात ते मला जाणवतं.

आता कॅसेटी चालू आहेत. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, वर ऑडॅसिटी या आवाज-संपादन प्रोग्राममध्ये गाणी कापण्याचा वेळ वेगळा. एकवीस झाल्या, चाळीस बाकी आहेत.